महदंबा : गुरुत्याग की परमेश्वरानुसरण?

महानुभाव पंथाच्या आद्य परिवारात महदंबेचे स्थान अनन्यसाधारण आहे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून अवघा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. धवळे आणि मातृकी रुक्मिणीस्वयंवर या रचनांमुळे वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. परंतु परमार्गीयांच्या दृष्टीने त्यांचे मोठेपण केवळ काव्यात सामावलेले नाही. एका गुरूच्या आश्रयाला असलेला जीव परमेश्वराच्या सन्निधानी येतो, तेव्हा पूर्वीच्या आश्रयाशी त्याने कसे वागावे, तो आश्रय केव्हा सोडावा, कोणत्या कारणाने सोडू नये आणि सोडल्यावर मन कसे ठेवावे, या साऱ्या प्रश्नांचा जिवंत उलगडा त्यांच्या चरित्रात होतो. साधक कोणत्याही काळाचा असो, हा प्रश्न त्याच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. म्हणून या अंगाने त्यांचे चरित्र पाहणे अगत्याचे आहे.

कुल आणि पूर्वायुष्य

लीळाचरित्रात महदंबेचा उल्लेख बहुधा महदाइसा या नावाने येतो. रूपाई हे त्यांचे आणखी एक नाव. गोदावरीच्या काठचे, आजच्या जालना जिल्ह्यातील रामसगाव हे त्यांच्या घराण्याचे गाव. वडिलांचे नाव वायनायक. घराणे वेदशास्त्रसंपन्न असून यादवांच्या राज्यात त्याला मान होता. त्यांच्या पूर्वजांतील वामनाचार्यांची पत्नी स्वतः विदुषी होती आणि तिचेही नाव महदाइसाच होते, असे परंपरा सांगते. विद्येची आवड आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांना अशा रीतीने वंशपरंपरेनेच लाभले होते. आचार्यप्रवर श्रीनागदेवाचार्य, ज्यांना परमार्ग भटोबास या नावाने जाणतो, ते नात्याने त्यांचे चुलतबंधू होत.

बालपणीच वैधव्य आल्याने त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. तेराव्या शतकातील उच्चकुलीन विधवेला संसाराचे दार बंद झालेले असे आणि परमार्थाचे दारही पूर्णपणे उघडलेले नसे. शास्त्राध्ययनाचा अधिकार नाही, संन्यासाचा मार्ग नाही. व्रते, उपवास, तीर्थयात्रा आणि घरातील सेवा एवढेच तिच्या हाती उरे. अशा स्थितीत एखाद्या सत्पुरुषाच्या परिवारात जागा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. तो परिवार हेच तिचे माहेर, तोच तिचा आधार आणि तीच तिची पाठशाळा होई. महदाइसांना अशी जागा मिळाली ती दादोसांकडे.

दादोसांचा परिवार

दादोसांचे मूळ नाव रामदेव. ते सामान्य पुरुष नव्हते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. त्यांच्या ठिकाणी वैराग्य होते, लोकांना आकर्षून घेण्याचे सामर्थ्य होते आणि त्यांच्याभोवती श्रद्धाळू शिष्यांचा मेळावा होता. महदाइसा त्या मेळाव्यातील एक. भटोबास, त्यांच्या मातोश्री आबाइसा आणि भगिनी उमाइसा हीही माणसे याच वर्तुळातून पुढे स्वामींच्या सन्निधानी आली. नातेवाईक आणि गुरुबंधू अशा दुहेरी धाग्यांनी हा समुदाय बांधलेला होता. त्यातील एक धागा सैल झाला की सारीच वीण हलणार, हे उघड होते.

दादोसांचा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींशी संबंध आला. स्वामींच्या कृपेने त्यांना स्थितीचा लाभ झाला. स्थिती हा परमेश्वराच्या दातृत्वाचा विषय आहे. जीव ती आपल्या बळाने मिळवू शकत नाही. ज्या गोष्टीमुळे दादोसांचे तेज शिष्यांच्या डोळ्यांत भरत होते, तिचा उगम अशा रीतीने स्वामींच्या ठिकाणी होता. उगम ठाऊक झाला की तहानलेला मनुष्य घागरीपाशी फार काळ थांबत नाही. दादोसांच्या शिष्यांची पावले स्वामींकडे वळू लागली, आणि ती वाट त्यांना दादोसांच्याच परिवारातून सापडली. येथेच महदाइसांच्या कसोटीला प्रारंभ झाला.

स्वामींचे सन्निधान

स्वामींच्या सन्निधानी आल्यावर महदाइसांना जे आढळले ते पूर्वी कोठेही आढळले नव्हते. स्वामी मराठीत निरूपण करीत. ज्ञान ऐकण्यासाठी संस्कृताचा उंबरा ओलांडावा लागत नसे. स्त्री आणि पुरुष, ब्राह्मण आणि इतर, असा भेद त्या ज्ञानदानात नव्हता. स्त्रीच्या मासिक धर्माचा विटाळ मानण्याची लोकरूढी स्वामींनी अमान्य केली होती. देहाचे धर्म हे देहाचेच धर्म, त्यांनी जीवाची योग्यता उणी होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. स्त्रीलाही संन्यासाचा आणि मोक्षाचा अधिकार त्यांच्या परमार्गात पुरुषाच्या बरोबरीने होता. आयुष्यभर दाराबाहेर उभे राहण्याची सवय लागलेल्या जीवाला कोणी घरात बोलवावे, तसे महदाइसांना येथे झाले असल्यास नवल नाही.

आणि त्या घरात त्या गप्प बसल्या नाहीत. लीळाचरित्राच्या पूर्वार्धात आणि उत्तरार्धात महदाइसा वारंवार दिसतात त्या प्रश्न विचारणाऱ्या म्हणून. एखादे स्थान पाहिले की त्याविषयी पुसावे, एखादी कथा ऐकली की तिच्या मागचे कारण पुसावे, स्वामींनी एक उत्तर दिले की त्यातून दुसरा प्रश्न काढावा, असा त्यांचा स्वभाव होता. या जिज्ञासेचा स्वामींनी कधी कंटाळा केला नाही. उलट, त्या चर्चक आहेत, सदैव काही ना काही पुसत असतात, या शब्दांत त्यांच्या स्वभावाची नोंद स्वामींच्या मुखाने झालेली आहे. आज सूत्रपाठातील अनेक वचनांचा प्रसंग शोधू गेले तर त्याच्या मुळाशी कोणा भक्ताचा प्रश्न सापडतो, आणि त्या विचारणाऱ्यांत महदाइसांचा वाटा मोठा आहे. त्यांनी विचारले नसते, तर पुढच्या सातशे वर्षांच्या साधकांना त्या उत्तरांवाचून राहावे लागले असते.

दोन निष्ठांचे द्वंद्व

हा लाभ मोठा होता, तसा त्यातील पेचही मोठा होता. हा पालट एका दिवसात घडला नाही. दादोसही स्वामींकडे येत, महदाइसाही येत; काही काळ गुरू आणि शिष्य दोघेही एकाच सन्निधानी दिसतात. परंतु त्या दोघांच्या येण्यात अंतर होते. दादोस स्वामींच्या सन्निधानी येऊनही स्वतःचे गुरुपण सोडू शकत नव्हते. महदाइसांना मात्र येथे आल्यावर परत जाण्याजोगे दुसरे ठिकाण उरले नव्हते. हळूहळू आपले शिष्य आपल्यापासून दुरावत आहेत, ही गोष्ट दादोसांच्या मनाला लागली. त्यांची अप्रसन्नता लीळाचरित्राने झाकून ठेवलेली नाही.

या ठिकाणी महदाइसांच्या मनापुढे उभा राहिलेला प्रश्न किती कठीण होता, याचा विचार केला पाहिजे. भारतीय परंपरेत गुरुद्रोहासारखे पातक नाही, ही समजूत लहानपणापासून मनावर ठसलेली असते. ज्यांनी अंधारात पहिला हात दिला त्यांचा हात सोडणे म्हणजे कृतघ्नता नव्हे काय? दुसरे असे की, विधवा स्त्रीने गुरूचे छत्र सोडले तर लोक काय म्हणतील, याचे भय लहान नव्हते. तिसरे असे की, त्या परिवारातच आपली सगेसोयरी माणसे. त्यांच्यात दुही माजल्यास तिचा दोष आपल्यावर येणार. उलट पक्षी, तेथेच राहावे तर ज्याची ओढ लागली त्यापासून मन चोरावे लागणार. गुरूसमोर बसावे आणि चित्त अन्यत्र असावे, नमस्कार करावा आणि त्यात भाव नसावा, ही स्थिती गुरूचीही वंचना आणि स्वतःचीही. देहाने राहून मनाने निघून गेलेला शिष्य कोणत्याही गुरूच्या कामाचा नाही.

या पेचाची उकल करण्याचे साधन स्वामींच्या निरूपणातच होते. स्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न सांगितले. त्यांतील परमेश्वर एकच मोक्षदाता आहे. जीव कितीही श्रेष्ठ झाला तरी दुसऱ्या जीवाचा उद्धार करण्याचे सामर्थ्य त्याच्या ठिकाणी नाही. तो निमित्त होऊ शकतो, वाट दाखवू शकतो. हा विवेक एकदा ठसला की गुरुत्यागाचा प्रश्न वेगळ्याच रूपाने समोर येतो. दादोस जीव होते. उपकार करणारे, आदरणीय, परंतु जीवच. त्यांनी शिष्यांना जे दिले त्याचे सार्थक शिष्य परमेश्वरापर्यंत पोचण्यातच होते. नाव नदीच्या पार नेऊन सोडते. पार पोचल्यावर उतारूने नावेतच बसून राहावे, असा आग्रह नावेचा नसतो. तो असलाच तर नावाड्याचा असतो.

सूत्रपाठात अन्यव्यावृत्ती नावाचे एक प्रकरण आहे. जे परमेश्वर नव्हे त्याचे निरसन करणे, हा त्याचा अभिप्राय. परंतु निरसन म्हणजे निंदा नव्हे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. एखादी वस्तू साध्य नाही असे जाणणे निराळे आणि तिचा द्वेष करणे निराळे. द्वेष करणाऱ्याचे चित्त त्या वस्तूतच गुंतून राहते. तो तिच्यापासून सुटलेलाच नसतो. महदाइसांनी दादोसांच्या मर्यादेचे ज्ञान करून घेतले आणि परमेश्वराच्या ठिकाणी आपला भाव स्थिर केला. त्यांच्या चरित्रातील हा निर्णायक क्षण होय.

सुटण्याची रीत

सोडणे ही क्रिया एक असली तरी तिच्यामागील कारणे अनेक असतात. कोणी मान मिळाला नाही म्हणून सोडतो. कोणी सोबत्याशी भांडण झाले म्हणून सोडतो. कोणी शिस्त जड वाटली म्हणून सोडतो, आणि कोणी दुसरीकडे अधिक सुख मिळेल या आशेने सोडतो. या चारही कारणांत सोडणारा स्वतःलाच बरोबर घेऊन जातो. ठिकाण पालटते, विकार पालटत नाहीत. अशा माणसाला नव्या ठिकाणीही काही दिवसांनी तोच अनुभव येतो.

महदाइसांच्या बाबतीत यांपैकी एकही कारण लागू पडत नाही. दादोसांच्या परिवारात त्यांना मान होता, आपली माणसे होती, स्थैर्य होते. स्वामींच्या मागे जाण्यात सुखाची आशा मुळीच नव्हती. स्वामींच्या आचारधर्मात स्वदेश, स्वग्राम आणि विशेषतः आप्तसंबंधीयांचा संबंध त्याज्य सांगितला आहे. भिक्षान्नावर निर्वाह, वृक्षाखाली अथवा गावाबाहेर वास, नित्य अटन आणि स्मरण, हे त्या मार्गाचे स्वरूप. चांगल्या घरातील स्त्रीने दारोदार झोळी घेऊन जावे, मिळेल ते एकत्र कालवून खावे, आज येथे आणि उद्या तेथे असावे, हे सोपे नव्हे. ज्याने सोयीसाठी सोडले, तो अधिक गैरसोयीच्या वाटेला लागत नाही. एखाद्याचा त्याग खरा की खोटा, हे तो काय सोडतो यावरून कळत नाही. त्याने पुढे काय पत्करले, यावरून कळते.

आणखी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. दादोसांविषयीच्या अनेक लीळा पंडित म्हाइंभटांनी लीळाचरित्रात संग्रहित केल्या. ज्या भक्तमंडळींच्या स्मरणातून हा ग्रंथ उभा राहिला, त्यांच्यापैकी अनेक जण पूर्वी दादोसांचे शिष्य होते. मनात अढी असती तर दादोसांचे नाव पुसून टाकणे किंवा त्यांना केवळ दूषणे देणे त्यांना अवघड नव्हते. तसे झाले नाही. दादोसांचे वैराग्य, त्यांना लाभलेली स्थिती, त्यांचे स्वामींशी असलेले सौहार्द, हे सारे ग्रंथात आले. त्याचप्रमाणे त्यांचा अहंभाव आणि खंतही आली. जे जसे होते ते तसे सांगितले. ज्या समुदायातून आपण बाहेर पडलो त्याच्याविषयी असे यथार्थ बोलता येणे, हेच बाहेर पडणे निर्मळ असल्याचे प्रमाण होय.

असन्निधानातील कसोटी

शके ११९६ मध्ये, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमारास, स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. परिवारावर आकाश कोसळले. ज्यांच्यासाठी पूर्वीचा गुरू सोडला, घर सोडले, आप्त सोडले, ते आता दृष्टीपुढे नाहीत. अशा वेळी मागचा आसरा आठवणे स्वाभाविक असते. ओसाड रानात सापडलेल्या वाटसरूला, सोडून आलेल्या गावातील दिवे अधिकच जवळचे वाटू लागतात. महदाइसांनी मागे पाहिले नाही. स्वामींच्या आज्ञेनुसार भटोबासांसह भक्तपरिवार श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी रिद्धपूरला गेला. महदाइसाही त्या परिवारात होत्या.

आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे क्षेत्र परमार्गीयांना नवे नाही. श्रीगोविंदप्रभू हे स्वामींचे सद्गुरू आणि पंचकृष्णांतील एक अवतार. परंतु त्यांची अवतारलीला स्वामींहून अगदी निराळी होती. स्वामी निरूपण करीत. श्रीप्रभू निरूपण करीत नसत. ते गल्लीबोळांतून हिंडत, मुलांसारखे खेळत, कोणाच्याही घरात शिरून हवे ते घेत, कधी हसत, कधी रागावत, कधी मारीतही. अंत्यजांच्या वस्तीत जाण्यास त्यांना संकोच नव्हता. रिद्धपूरचे लोक त्यांना आपली माय आणि आपला बाप मानीत. मात्र त्यांच्या वर्तनाचा अर्थ लावण्याच्या भरीस कोणी पडत नसे.

आता या ठिकाणी महदाइसांची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना करावी. ज्यांचा स्वभावच पुसण्याचा, ज्यांच्या परमार्थाचे पोषणच प्रश्नोत्तरांतून झालेले, त्या अशा सन्निधानी आल्या की जेथे प्रश्नाला उत्तर मिळण्याची शाश्वती नाही. वरवर पाहिले तर दादोसांच्या परिवारात त्यांचा स्वभाव जितका अपुरा राहिला होता, त्याहून येथे तो अधिक अपुरा राहण्याचा संभव होता. जुळत नाही म्हणून सोडावे, एवढेच तत्त्व त्यांनी मानले असते तर रिद्धपूर त्यांनी प्रथम सोडले असते. परंतु त्या तेथे श्रीप्रभूंच्या प्रयाणापर्यंत, म्हणजे इ. स. १२८७ च्या सुमारापर्यंतच्या काळात, सेवेत राहिल्या.

दादोसांना सोडणाऱ्या महदाइसा आणि रिद्धपूरला टिकून राहणाऱ्या महदाइसा, या दोघींत विसंगती दिसेल. परंतु ती खरी नाही. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच होती. आपल्या स्वभावाला काय रुचते, हा प्रश्न त्यांनी कोठेच निर्णायक मानला नाही. जेथे परमेश्वर नाही तेथे स्वभाव जुळत असूनही राहण्यात अर्थ नाही, आणि जेथे परमेश्वर आहे तेथे स्वभाव जुळत नसला तरी निघण्याचे कारण नाही. पहिल्या ठिकाणी त्यांनी आश्रय सोडला. दुसऱ्या ठिकाणी आपल्या स्वभावाचा आग्रह सोडला. या दोन त्यागांत दुसरा अधिक कठीण, कारण त्यात जाण्याची वाट मोकळी असूनही थांबावे लागते.

प्रश्नांतून गीताकडे

या थांबण्याचे फळ काय मिळाले, ते सर्वश्रुत आहे. एकदा श्रीप्रभूंच्या मनात विवाहाची लीला करण्याची प्रवृत्ती उपजली. भक्तांनी त्या खेळाची सिद्धता केली. विवाह म्हटला की वरपक्षाकडील गाणी आलीच, आणि ती गाण्याचे काम महदाइसांकडे आले. त्यांनी रुक्मिणीस्वयंवराचा विषय घेऊन धवळे गायिले. धवळे म्हणजे विवाहप्रसंगी वराला उद्देशून गावयाची गीते. घरोघरच्या स्त्रियांच्या मुखातील ही रचना श्रीकृष्णचक्रवर्तींच्या कथेला लागली, आणि मराठीतील आद्य कवयित्रीचा जन्म झाला. धवळ्यांचा पूर्वार्ध या प्रसंगाने आकारास आला; पुढे उत्तरार्धाची भर पडली. मातृकी रुक्मिणीस्वयंवर हीही त्यांचीच रचना. वर्णमातृकेच्या क्रमाने ती गुंफिलेली आहे.

जी जिज्ञासू भक्त आयुष्यभर उत्तरे मागत आली, तिच्याकडून परमेश्वरानेच येथे काही मागितले. विचारणारी ती गाणारी झाली. रिद्धपूर सोडून त्या गेल्या असत्या तर हा प्रसंग त्यांच्या वाट्याला आला नसता, आणि मराठी भाषा एका अमोल ठेव्याला मुकली असती. त्याच रिद्धपुरात पुढे महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले. सात शतकांपूर्वी तेथे मराठीत गाणाऱ्या त्या विधवा तपस्विनीचे ऋण असे मोठ्या कालावधीनंतर का होईना मान्य झाले.

आचार्यांच्या आज्ञेत

श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर मार्गाची धुरा भटोबासांकडे आली. येथे महदाइसांची आणखी एक कसोटी लागली. भटोबास हे त्यांचे चुलतबंधू. पूर्वीच्या वर्तुळातील सोबती. ज्याला आपण बरोबरीचा म्हणून पाहिलेले असते त्याला आचार्य म्हणून मानणे पुष्कळांना जमत नाही. परक्या गावच्या आचार्यांपुढे मान सहज वाकते. घरच्यापुढे ती ताठ होते. ज्येष्ठत्वाचा, स्वामींच्या दीर्घ सन्निधानाचा किंवा आपल्या कवित्वाचा अभिमान धरून वेगळी चूल मांडणे महदाइसांना अशक्य नव्हते. दादोसांनी स्वतःचे गुरुपण सोडले नाही म्हणून काय घडले, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांनी आचार्यांची आज्ञा शिरोधार्य मानली आणि शेवटपर्यंत त्याच मार्गात राहिल्या.

आचार्यांनीही अशा भक्त स्त्रियांची योग्यता ओळखली होती. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करण्यास प्रवृत्त झाले असता, त्यामुळे मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, या विचाराने भटोबासांनी त्यांना थोपविले, हे स्मृतिस्थळाच्या वाचकांस विदित आहे. मराठीत ज्ञान देण्याची स्वामींची रीत आचार्यांनी अशी राखली. महदाइसांच्या देहावसानानंतर त्यांना धर्माच्या रक्षणकर्त्या म्हणून आचार्यांनी गौरविले. ज्यांच्यावर एके काळी गुरुत्यागाचा दोष येण्याचा संभव होता, त्यांना धर्मरक्षक ही पदवी मिळावी, यातच त्या निर्णयाचा न्याय झाला.

चरित्राचे तात्पर्य

महदंबेचे चरित्र वाचताना साधकाने त्यातून सोयीस्कर अर्थ काढू नये. आपल्या आश्रमातील, मठातील किंवा मार्गबंधूंच्या समुदायातील कोणाशी पटेनासे झाले की महदाइसांचा दाखला देऊन निघून जाणे, हा त्यांच्या चरित्राचा विपर्यास होय. तसेच सत्याची ओढ लागलेल्या जीवाला केवळ उपकाराच्या ओझ्याखाली अडकवून ठेवणे आणि त्याला कृतघ्न ठरविणे, हाही विपर्यासच. पहिली चूक शिष्याकडून घडते, दुसरी गुरूकडून. महदाइसा पहिलीतून वाचल्या. दादोस दुसरीतून वाचले नाहीत.

निघण्याचा विचार मनात आला तर साधकाने प्रथम आपल्या अंतःकरणाला विचारावे की, ओढ परमेश्वराची आहे की अपमानाच्या शल्याची. शल्य असेल तर तेथेच थांबून ते काढावे. ठिकाण पालटल्याने काटा निघत नाही. ओढ परमेश्वराची असेल तर ती लपवू नये, कारण लपविलेली निष्ठा दोन्हीकडे खोटी ठरते. निघताना उपकार आठवावेत आणि निघाल्यावर निंदा करू नये. आणि ज्या ठिकाणी परमेश्वराचे स्मरण घडते, आचाराचे पालन होते आणि ज्ञानाचे दान होते, त्या ठिकाणी स्वभावाला टोचणारे चार काटे असले, तरी रिद्धपूरच्या महदाइसा आठवून तेथेच आसन स्थिर करावे.

महदंबेनी आयुष्यात एकच आश्रय सोडला आणि त्यानंतर कोणताही सोडला नाही. प्रश्न पुसता पुसता त्या सन्निधानी आल्या, सेवा करता करता गाऊ लागल्या आणि आज्ञेत राहता राहता धर्माच्या रक्षणकर्त्या झाल्या. त्यांच्या धवळ्यांचा स्वर आजही परमार्गीयांच्या घरोघरी स्मरणात आहे. त्या स्वराच्या मागे असलेला निर्णय स्मरणात राहिला, तर साधकाला आपली वाट चुकण्याचे भय उरणार नाही.